सुपारी आणि इटलीतली टेकडी

साताऱ्याकडच्या आमच्या गावात मुलीला स्थळ बघताना आधी जमीन विचारत नसत, आधी पलटण विचारत. घरटी एक माणूस फौजेत, मग दुसरं विचारणार तरी काय? माझे वडील, म्हणजे आबा, सुभेदार होऊन पेन्शनीत आले होते. आरतीच्या दुसऱ्या कडव्यालाच ते अडखळायचे, पण पलटणीचा इतिहास त्यांना झोपेतून उठवून विचारावा. बसऱ्याला आमच्या आजोबांच्या वेळी काय झालं, आफ्रिकेच्या वाळूत पाणी कसं पुरवून प्यायले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत घेतलेली ती टेकडी. टेकडी तर आमच्या घरातलंच एक माणूस झाली होती. जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तरी आबा म्हणायचे, "टेकडीवर तर दोन दिस मीठच न्हवतं."

या इतिहासापायी माझी तीन स्थळं गेली. पहिल्या मुलाचे वडील फौजेत रसद पोचवायच्या खात्यात होते. आबा म्हणाले, "लढाईत ह्यांनी बटाटं वाहिलं." त्याच बटाट्यांवर आपण लढलात, असं आईनं स्वयंपाकघरातून ऐकवलं, पण स्थळ गेलं ते गेलंच. दुसऱ्याचे चुलते पूल बांधणाऱ्या पलटणीत. "पूल बांधून मागं ऱ्हायले, पुढं आमी गेलो." तिसरा नौदलात होता. त्याला तर चहासुद्धा गार मिळाला.

एकाहत्तरची लढाई होऊन गेल्यावर चौथं स्थळ आलं, इस्लामपूरजवळचं. उसाची शेती, मुलगा फौजेत आणि त्याचे वडील निवृत्त हवालदार. बघायला आले तेव्हा माझ्या थोरल्या चुलत्यांनी मुलाला विचारलं, "लढाईत काय केलं?"

मुलगा म्हणाला, "चिखलात रुतल्याल्या गाड्या वडून काढल्या."

"आनि?"

"मग पुढं जाऊन परत रुतल्या."

दाराआड मला हसू फुटलं आणि पदर तोंडात कोंबावा लागला. आमच्या घरात जन्मापासून लढाया ऐकत आले, पण कुणी चिखलात रुतल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते. जो तो टेकड्याच घ्यायचा. हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलणार नाही, असं मला तिथल्या तिथे वाटलं. हेच स्थळ मला हवं होतं, आणि तसं मी आईला स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "देवाला हात जोड. त्याच्या बापाची पलटण कंची हाय ते आजून कळायचंय."

ते कळलं सुपारीच्या दिवशी. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडच्या चार माणसांसमोर हळदकुंकू वाहून सुपारी फोडतात आणि साखर वाटतात. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरायचं नाही. सोप्यात जाजम अंथरलं होतं. मध्ये ताट, ताटात नारळ, विड्याची पानं आणि सुपारी. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची नजर भिंतीवरच्या पलटणीच्या फोटोवर गेली.

"मंजी सुभेदारसायेब, तुमी त्या टेकडीवर व्हता म्हना की."

"आमीच घेतली ती," आबा म्हणाले.

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आसं कसं? ती तर आमी घेतली."

दोन्ही पलटणी एकाच रेजिमेंटच्या, म्हणजे सख्ख्या भावाभावांसारख्या. परक्या असत्या तर एवढं वैर झालं नसतं. चुलत्यांनी सुपारीकडे हात नेला, तसा आबांनी तो धरला. "दादा, थांबा. आदी इतिहास मिटू द्या. टेकडीवर खोटा दावा सांगनाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई."

"आन् आमाला बी तसली सून नगं!" सासरे म्हणाले.

मुलगा बिचारा जाजमाचे दोरे उपटत बसला. एका टेकडीपायी, आणि तेही परदेशातल्या, माझा संसार मांडायच्या आधीच मोडत होता. मी मनातल्या मनात त्या इटलीला गावातल्या सगळ्या शिव्या दिल्या.

"नकाशा काढून दावतो," आबा म्हणाले, आणि आईची मोठी परात मागवून जाजमावर पालथी घातली. ती टेकडी. सासऱ्यांनी खांद्यावरचं उपरणं तिच्या पायथ्याशी पसरलं. ती नदी. फुटाणे म्हणजे आबांची पलटण, भुईमुगाच्या शेंगा म्हणजे सासऱ्यांची. चुलते पंच म्हणून बसले आणि बसल्या बसल्या आबांच्या पलटणीतले तीन जवान खाऊन गेले.

फुटाणे डावीकडून निघाले, शेंगा उजवीकडून. अर्ध्या परातीवर दोघंही थबकले. वर शत्रूची मशीनगन होती, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

"मशीनगन कशाची करायची?" आबांनी विचारलं.

"शेंगदाना नगं," सासरे म्हणाले. "लय टणक व्हती ती."

"व्हय. लयच टणक."

मी चहा घेऊन बाहेर आलेच होते. पुढं जे केलं ते शहाणपणानं केलं असं मी आजही सांगते. वाकून ताटातली सुपारी उचलली आणि परातीवर बरोबर मधोमध ठेवली. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. दोघंही त्या सुपारीकडे असे डोळे वटारून बघत होते की जणू ती खरोखरच गोळ्या झाडतेय.

"आन् आमची तोफ?" सासऱ्यांनी विचारलं.

"आणते," म्हटलं, आणि आत जाऊन खलातला लोखंडी बत्ता आणून दिला. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं साखरेचा डबा जवळ ओढला.

बत्ता आधी आबांनी उचलला. "आमच्या तोफंनं आसा गोळा टाकला..."

"तुमच्या कशाचा? आमच्या!" सासऱ्यांनीही बत्त्याला हात घातला. दोघं पन्नाशीच्या पुढचे, पण तोफ कुणी सोडेना. एकदा आबांकडे झुकली, एकदा सासऱ्यांकडे, आणि शेवटी दोघांच्याही हातांनी एकदमच खाली आली. परात अशी वाजली की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. फुटाणे उडाले, शेंगा उडाल्या आणि सुपारीचे तुकडे तुकडे झाले.

आबा तुकड्यांकडे बघत होते, सासरे आबांकडे.

"फुटली!" आई दारातून ओरडली. "चार मानसांम्होरं फुटली, दोघा बापांच्या हातानं फुटली! साखर घ्या सगळ्यांनी." आणि हो-नाही म्हणायच्या आत तिनं पहिली चिमूट सासऱ्यांच्या तोंडात घातली, दुसरी आबांच्या. तोंडात साखर असताना भांडता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मुलगा म्हशीमागं धावला होता. तो चिखलानं माखून परत आला, तोवर त्याचं लग्न ठरलं होतं.

भांडण काही मिटलं नाही. सुपारीत खरा जोर कुणाच्या हाताचा, हा त्यात नवा मुद्दा आला. आबा गावात सांगायचे आमच्या पलटणीनं फोडली, सासरे इस्लामपूरच्या बाजारात सांगायचे आमच्या. लग्नाच्या पंगतीतही दोघांना लांब लांब बसवलं होतं.

पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाचा ट्रक वेशीत उभा होता. आबा दिवसभर ताठ होते. सुभेदार कसा रडेल? मी ट्रकमध्ये चढून बसले, आबा फळीशी येऊन सावधान उभे राहिले. फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला गेले तर फेटाच सुटला.

सासरे ट्रकमधून खाली उतरले. सुटलेला फेटा गोळा करून त्यांनी आबांच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुभेदारसायेब, टेकडीवर पैली तुमचीच पलटण चढली. आमी खालनं बघत व्हतो."

आबांनी नाक ओढलं. "उगं कायबी बोलू नगा. पैलं तुमीच. आमी पोचलो तवा तुमचं चहापानी झालं व्हतं."

"न्हाई, न्हाई. तुमीच."

"आवं, मी सांगतो न्हवं, तुमीच!"

आवाज चढले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, कुणी लक्ष दिलं नाही. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "चहा सांगू का? ह्येला येळ लागंल."

मी हसायला गेले. पण ज्या टेकडीपायी आबांनी माझी तीन स्थळं मोडली, ती आज माझ्यासाठी ते दुसऱ्याला देऊन टाकत होते, आणि तो दुसरा ती घ्यायला तयार नव्हता. मग मला रडू आवरेना.