गाळलेली वचनं

मार्थाबाई साळवे नगरकडच्या मिशन हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरचा प्रत्येक माणूस शिकाऊ नर्स आहे अशाच सुरात त्या अजून बोलतात. नवरा, जनार्दन, वारल्यावर मुलगा स्वानंद त्यांना घोटावड्याला घेऊन आला. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं, मध्ये ही नवी इमारत. चर्च थेट पुण्यात.

साळवे जुने अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या चर्चचे ख्रिस्ती. पुढे मंडळ्या एकत्र झाल्या, चर्चवरच्या पाट्या बदलल्या, पण घरातली रीत तीच राहिली. दिवेलागणीला घरातल्या वडीलधाऱ्यानं प्रार्थनेचं पुस्तक उघडायचं. स्तोत्रातलं एक वचन त्यानं म्हणायचं, पुढचं बाकीच्यांनी. जनार्दनरावांनंतर पुस्तक मार्थाबाईंकडे आलं. स्वयंपाकघर सुनेचं, टीव्ही मुलाचा. त्या घरात मार्थाबाईंचं म्हणावं असं हे पुढारपण तेवढं होतं.

सून उत्कर्षा हिंजवडीत नोकरीला. तिला दिवेलागण गाठणं जमेना.

"आई, मीटिंग होती हो."

"देवाबरोबर नसते का तुझी मीटिंग?"

मग उत्कर्षानं मोबाइलवर प्रार्थनेचं अ‍ॅप घेतलं. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, आजचं स्तोत्र, सगळं मराठीत समोर येतं. ऑफिसच्या बसमध्ये ती ते म्हणायची. पुढे घरीही पुस्तकाऐवजी फोन घेऊन बसू लागली. मार्थाबाई पुस्तकातलं वचन म्हणत आणि उत्कर्षा फोनमधलं उत्तर देई. शब्द निराळे, कधी स्तोत्रच निराळं. दोघी आवाज चढवत. स्वानंद मध्ये बसून नुसते ओठ हलवी.

शेजारची ताजबी एकदा जिन्यात म्हणालीच, "मावशी, तुमी दोगी देवाचं म्हनताय का भांडताय, कायबी कळत न्हाई बगा."

खरा भडका उडाला तो शापाच्या स्तोत्रावरून. त्यात मध्येच काही कडक वचनं आहेत. वैऱ्याचे दिवस थोडे असावेत, त्याची जागा दुसऱ्याला मिळावी, त्याच्या घराला थारा राहू नये, असं मागणं. उत्कर्षा फोनमधून वाचत ती ओलांडून सरळ पुढे गेली.

"गाळलंस."

"मी नाही गाळलं. अ‍ॅपमध्येच नाहीत."

"मग कुणी गाळली? तुझ्या माहेरच्यांनी?"

"आई, घरच्या प्रार्थनेत शाप कशाला, म्हणून हल्ली ती वचनं सोडतात. चर्चच्या पाळकांनीच सांगितलं."

"स्तोत्र रचणाऱ्या दाविदाला मागताना लाज वाटली नाही, ती तुझ्या पाळकाला वाटते होय!"

जनार्दनरावांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे साळव्यांच्या भाषेत स्मरणाच्या उपासनेला, पुण्याहून मार्थाबाईंची नणंद मेधाताई आणि त्यांचं सगळं गोत आलं. मार्थाबाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसून हॉलच्या मधोमध खुर्ची घेतली. नवऱ्याची उपासना त्या चालवणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. उत्कर्षानं अ‍ॅप टीव्हीवर लावलं.

"सगळ्यांना दिसेल," ती म्हणाली.

दिसलं. टीव्हीवर पुढाऱ्याच्या, म्हणजे उपासना चालवणाऱ्याच्या, ओळी बारीक अक्षरात होत्या आणि लोकांच्या ठळक, पण अक्षर दिसलं की माणूस वाचतोच. मार्थाबाईंनी पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तोवर पाहुण्यांनी ते म्हणून टाकलं. उत्तरही त्यांनीच दिलं. दुसऱ्या वाक्याला तेच झालं. तिसऱ्याला मार्थाबाई गप्प राहून पाहत होत्या. कुणाचं काही अडलं नाही. उत्कर्षा बोटानं पान सरकवत होती आणि सगळे तिच्या बोटामागून चालले होते.

"किती सोपं गं!" मेधाताई मध्येच म्हणाल्या. "वहिनी, आता पुस्तकाची कटकट नको."

स्तोत्र आलं, संपलं. पित्याचं, पुत्राचं, आत्म्याचं गौरव म्हणायला सगळ्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. आजचं स्तोत्र शापाचं नव्हतं. त्यांना त्याची पर्वा नव्हती. सुनेकडे रोखून बघत त्यांनी ती गाळलेली वचनं पाठ म्हटली. सावकाश, एकही न सोडता, वॉर्डात औषधांची नावं वाचावीत तशी. आणि थांबल्या.

स्तोत्र संपलं की गौरव म्हणायचं, गौरव संपलं की आमेन. साळव्यांच्या जिभेला दुसरं वळणच नाही. गौरवाच्या जागी ही वचनं आली, तरी ती संपताच सगळ्यांनी खणखणीत आमेन म्हटलं. स्वानंदनं म्हटलं. उत्कर्षानंही म्हटलं आणि मग ओठावर हात ठेवला.

पाहुणे गेल्यावर ती सिंकपाशी उभी राहून बोलली.

"माझ्या हातचं जेवलात आणि मलाच शाप दिलात."

"मी देवाचं वचन म्हटलं. आमेन तूही म्हणालीस."

"सवयीनं म्हणाले."

"मग मीही सवयीनंच म्हटलं."

"अगं, तुम्ही दोघी जरा..." स्वानंद म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या.

उत्कर्षानं नळ बंद केला. "आई, पुस्तक तुमचं, खुर्ची तुमची, वेळही तुमचीच. टीव्हीला मी पुन्हा हात लावणार नाही. पण तुमच्या वचनाला या घरात यापुढे उत्तर मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला टीव्ही बंद होता. उत्कर्षा फोन घेऊन बेडरूममध्ये गेली आणि तिनं आतून कडी लावली. "दूध आणतो," म्हणून स्वानंदनं हेल्मेट उचललं. दूध फ्रिजमध्ये होतं. मार्थाबाईंनी पुस्तक उघडलं आणि पुढाऱ्याचं वाक्य म्हटलं. वाट पाहिली. पुन्हा म्हटलं.

मग खुर्ची ओढून त्यांनी बेडरूमच्या बंद दारासमोर आणली, आणि लोकांनी द्यायचं उत्तरही दाराला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच दिलं.