शिकून काय करणार, सिस्टर?

आमच्या चेंजिंग रूममध्ये एक लोखंडी बाक आहे. ड्युटी बदलताना त्यावर पाच मिनिटं टेकलं की एखादा किस्सा निघतोच. पेशंटचे किस्से तर ढिगानं साठलेत. पण माझ्या डोक्यात जे घर करून बसलेत ते वेगळे. नर्सनं पुढं शिकावं का, दुसरी नोकरी धरावी का, यावर लोक आम्हाला जे सल्ले देतात त्यांचे. भोरमध्ये पायाला प्लास्टर घातलेला माणूससुद्धा नर्सला करिअरचा सल्ला देतो. बावीस वर्षं ऐकतेय. सुरुवातीला हसू यायचं. आता येत नाही.

हॉस्पिटल खाजगी, तीस खाटांचं. नाव सांगत नाही. मालक-डॉक्टरांना आम्ही सर म्हणतो. आम्ही चौघी कायम एकत्र: मी, वेल्ह्याकडच्या मंगलताई, आंबवड्याची ज्योती आणि सगळ्यांत लहान, भोंगवलीची सारिका.

* * *

एकदा एक गृहस्थ तापानं ॲडमिट झाले. शरीर दणकट, पण शीर काही सापडेना. मी हात चोळतेय, टिचक्या मारतेय, आणि हे मला सांगतायत की बाई, तुमी डीएड करायला पायजे व्हतं. मास्तरणीला मान असतो. नर्सचं काम ते नर्सचंच काम, त्याला कोण विचारतंय.

हे सगळं बोलताना त्यांनी दुसऱ्या हातानं माझा ॲप्रन गच्च धरून ठेवला होता. सुईची भीती.

सलाईन लागलं. मी म्हटलं, "काका, आता सोडा."

* * *

मी पोस्ट बेसिक बीएस्सीसाठी, म्हणजे नर्सिंगच्या पदवीसाठी, अर्ज केला तो दिवस अजून आठवतो. त्यासाठी दोन वर्षांची रजा हवी होती, बिनपगारी चालली असती. सरांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला. म्हणाले, तुला काय येत नाही? आणि कितीही शिकलीस तरी नर्स ती नर्सच. डॉक्टर थोडीच होणार आहेस?

त्याच दुपारी सर पुण्याला एका लग्नाला निघाले. गाडी फाटकात असतानाच एका म्हाताऱ्याला धाप लागली म्हणून टेम्पोतून आणलं. नातेवाईक गाडीला आडवे झाले. डॉक्टर चालले, आता आमी कुणाकडं बघायचं?

सरांनी काच खाली केली. "सिस्टर आहेत की. त्यांना डॉक्टरच समजा."

काच वर गेली. गाडी गेली. मी म्हाताऱ्याला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं. ते येईपर्यंत त्याचा हात हातात धरून बसले. म्हातारा वाचला. संध्याकाळी केबिनमध्ये फाईल ठेवायला गेले, तर माझ्या अर्जावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला.

सकाळी नुसती नर्स, दुपारी डॉक्टर. दोन्ही वेळा सोय त्यांचीच.

* * *

ज्योतीला जर्मनीला जायचं होतं. तिथं नर्सेस हव्यात, पण त्यांची भाषा यावी लागते. ज्योती ड्युटीवरून घरी गेली की स्वयंपाक उरकून मोबाईलवर क्लास करायची. शब्द पाठ करायची. कांदा चिरताना जर्मन, भांडी घासताना जर्मन. सासू म्हणायची, ही काय मंतर म्हनती?

मग एक दिवस चुलतसासरे बैठक घालून बसले. ज्योतीच्या नवऱ्याला, दिराला, सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, घरंदाज माणसाची सून परदेशात जाऊन कोणाकोणाचं हगणंमुतणं काढणार, हे काय शोभतं व्हय?

ज्योतीचे आजेसासरे, म्हणजे या चुलतसासऱ्यांचे सख्खे वडील, तीन वर्षं अंथरुणावर होते. अर्धांग. त्यांचं सगळं ज्योती करत होती. ड्युटीवर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. हे काका आंबवड्यातच, चार घरं सोडून राहतात. वडिलांना बघायला यायचे ते दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून.

ज्योती आतून बाहेर आली. हातात आजोबांची बदललेली चादर तशीच होती. ती एवढंच म्हणाली, "काका, मग आजपासनं हे तुमी करा."

बैठक तिथंच मोडली. काका चहा न घेता गेले. ज्योती पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या वेळी पास झाली. आता तेच काका पारावर सांगतात की आमची सून जर्मनीत मोठी डॉक्टरीण होणार आहे. ज्योतीला हे कळलं तेव्हा ती हसली. मला नाही हसता आलं.

* * *

मे महिन्यात परिचारिका दिन असतो. त्या दिवशी आम्ही देवी होतो. सकाळी गुलाब, दुपारी भाषण, संध्याकाळी परत बेडपॅन.

एका वर्षी पुण्याहून एक वक्ते बोलावले होते. विषय होता करिअर मार्गदर्शन. तासभर बोलले. सेवा, त्याग, मातृहृदय. कोर्स कुठले, रजा कशी मिळते, वय किती चालतं, यातलं अवाक्षर नाही. शेवटी सर उठले आणि म्हणाले, आदर्श बघायचा असेल तर आपल्या मंगलताईंना बघा. त्यांना पुढं बोलावलं, शाल दिली. मंगलताई एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्स. डोंगरातल्या एका वस्तीवर बौद्ध कुटुंबात वाढलेल्या, घरातल्या पहिल्या शिकलेल्या. बाळ आडवं आहे हे पोटाला हात लावून सांगतात आणि सोनोग्राफी मागाहून तेच सांगते.

सर माईकवर म्हणाले, इतकी वर्षं झाली, पण यांनी कधी पुढं शिकायची भाषा केली नाही. याला म्हणतात निष्ठा.

टाळ्या वाजल्या. मंगलताईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माईक मागून घेतला.

"साहेब, म्या तीन येळा अर्ज दिला. तिन्ही तुमच्या टेबलावर हायेत."

वक्त्यांना वाटलं विनोद आहे. ते एकटेच हसले.

* * *

आता सारिकाचं. तिला पुण्याच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिकला प्रवेश मिळाला. गुरुवारी कागदपत्रं तपासणी, मूळ प्रती घेऊन या. मूळ प्रती कुठं? सरांच्या कपाटात. आमच्याकडं नोकरीला लागताना ओरिजिनल सर्टिफिकिटं जमा करून घ्यायची पद्धत. सांभाळून ठेवतो म्हणतात. गाय सांभाळतात तशी.

सारिकानं तीनदा मागितली. सर म्हणाले, तुझ्या जागी माणूस आणून दे, मग ने. एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलेली पोर, ती कुठून आणणार माणूस? बाकावर बसून रडली.

मंगलताईंनी तिला रडू दिलं. मग चार कोरे कागद मागवले.

मंगळवारी सकाळचा राऊंड संपल्यावर आम्ही चौघी केबिनमध्ये गेलो. चौघींनी चार अर्ज टेबलावर ठेवले. प्रत्येकीचा एकच मजकूर, माझी मूळ प्रमाणपत्रं परत मिळावीत. सरांनी एक वाचला, दुसरा वाचला. तिसरा नाही वाचला. म्हणाले, सगळ्याच सोडून चाललात?

मंगलताई म्हणाल्या, "न्हाई साहेब. आमी हितंच हाय. कागद तेवढे घरी न्यायचेत."

आम्ही धमकी दिली नाही. नुसत्या उभ्या राहिलो. दुपारी दोन सिझेरियन होती, हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. पाचेक मिनिटांनी त्यांनी रिसेप्शनवरून चावी मागवली.

कपाटात प्लास्टिकच्या फाईली. चार काढल्या. चौथी ओढताना खालून आणखी एक निघाली, धुळीनं माखलेली. मी नाव वाचलं.

शोभा. आठ वर्षांपूर्वी आमच्याबरोबर होती. तिला सरकारी नेमणुकीचं पत्र आलं होतं, पण मूळ कागद हवे होते. सरांनी सांगितलं, ऑफिस रंगवलं तेव्हा तुझी फाईल रद्दीत गेली असणार. डुप्लिकेटसाठी ती पोलीस ठाण्यात गेली, मुंबईला नर्सिंग कौन्सिलला गेली. तिचं नर्सिंग स्कूल तोवर बंद पडलेलं. फिरता फिरता रुजू व्हायची मुदत संपली. मग तिनं नर्सिंगचाच नाद सोडला.

सर म्हणाले, "अरे, ही इथंच होती का?"

हरवलेली छत्री सापडावी तसं. मंगलताईंनी फाईल पदरानं पुसली, पिशवीत घातली आणि आम्ही बाहेर आलो. कुणी दार लावलं नाही.

सारिकाचा प्रवेश झाला. रविवारी ती आणि मी स्कूटीवरून पाबे घाटानं पानशेतला गेलो. धरणाकडच्या रस्त्यावर शोभाचा आणि तिच्या नवऱ्याचा भजीचा गाडा आहे. पुण्याच्या गाड्यांची ही गर्दी. शोभा कढईपाशी होती. मी फाईल उघडून तिच्यापुढं धरली. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, मुदत कधीच संपलेलं, त्यावर तिचा फोटो, दोन वेण्या घातलेला.

शोभानं बघितलं. हात लावला नाही.

"तेलाचे हात हायेत माझे," ती म्हणाली. "वर ठेव, डब्यावर."

मी ठेवली. तिनं पाठ फिरवली. एक घाणा काढला, झाऱ्यानं निथळला, दोन प्लेटा भरून दिल्या. दुसरा घाणा सोडला. आम्ही दोघी तशाच उभ्या.

तिसऱ्या घाण्याला, कढईतली नजर न काढता, ती म्हणाली, "रिन्यू करायला फोटो नवा लागत आसंल, न्हाई?"