समस्त कामगारांचा अर्ज

माझे शिक्षण सातवीपर्यंत. तथापि वसईच्या कचेरीबाहेरील माझ्या अर्ज लिहून देण्याच्या टेबलापुढे पदवीधरही अदबीने उभे राहत, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका दुपारी माझा मेहुणा तिथे आला, तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कारखान्यात तो फोरमन होता. पंप गळतात म्हणून पुन्हा परत आले होते. शनिवारपर्यंत उपाय सापडला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती.

"मीटिंगा घेतल्या, दाजी. एक जण तोंड उघडत नाही. जो बोलेल त्याच्याच गळ्यात काम पडतं ना! तुम्हीच बोलतं करा त्यांना."

घरी पत्नीने भावाच्या काळजीने अन्न टाकले होते. नाही म्हणणे शक्य नव्हते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पक्षकार खरी हकिकत सांगेना, तर चुकीचा मसुदा त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. माणूस गप्प बसतो. पण स्वतःविषयी खोटे ऐकून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी कामगारांपुढे वाचले, "जोडणी कामगारांच्या हयगयीमुळे रबरी सील सैल बसून..."

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

"ओ रायटर! हयगय कोणाची? या, तुम्ही बसवून दाखवा सील!" एक कामगार ओरडला.

"जोडल्यावर टिपूस नसतो," जूचंद्र गावचा एक फिटर उसळला. "पानी गळतं ते रंग सुकवायच्या भट्टीतून आल्यावर. रबराचा पार पापड होतो! आधी रंगवा, मग सील बसवा."

तेवढ्यात दारात कारखान्याचे मालक, शेठ, उभे दिसले. आधी जोडणी, मग रंग, हा क्रम त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता.

"कोण बोललं हे?"

घास हातातच राहिले. मेहुणा माझ्याकडे पाहू लागला.

"अर्जदार समस्त कामगार आहेत, शेठ," मी म्हणालो. "समस्तांत पहिले नाव नसते."

शेठ भट्टीकडे वळले. "एक पंप तसा करून बघा."

संध्याकाळी तो चालवला. मेहुण्याने सीलखाली तळवा धरला. कोरडा होता. विजारीला पुसून त्याने पुन्हा धरला.

"सरक जरा," शेठ म्हणाले, आणि भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे पाठ करून त्यांनी आपला हात पुढे केला.