हलका हात

थायकू गावच्या शिरक्याच्या कारखान्यात यान पेइलिन आंबवलेल्या ज्वारीचे ढीग फावड्याने उलथायचा. अंगात रग, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. विशीत त्याने मुकादमाचा जबडा मोडला, तेव्हा आईनेच त्याला मुष्टिविद्या शिकवणाऱ्या होऊ वस्तादांच्या अंगणात नेऊन सोडलं.

वस्तादांनी तीन वर्षं त्याला नुसतं उभं केलं. गुडघे किंचित वाकवून, हात छातीसमोर धरून, थंडीत, धुळीत. ते सांगायचे, भावना मनात उठते, तिच्यातून इरादा होतो, इराद्यामागे श्वास जातो आणि श्वासामागे बळ. राग मुठीत गेला की वाया गेला. तो टाचेपर्यंत उतरव, निवू दे. पेइलिनने उतरवला. सहाव्या वर्षी त्याच्या तळव्याच्या नुसत्या टेकूने दांडगा गडी चार पावलं मागे जायचा आणि पेइलिनचा श्वाससुद्धा वाढायचा नाही. वस्तादांना मुलगा नव्हता. विद्या यालाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

मग १९६६चा उन्हाळा आला. जुनं ते सगळं मोडायला निघालेल्या, दंडाला लाल पट्टे बांधलेल्या पोरांनी वस्तादांना मैदानात ओढत आणलं, डोक्यावर कागदाची उंच टोपी घातली. एकाने रागाने थरथरत त्यांच्या गुडघ्यावर काठी घातली. बाकीचे पठ्ठे केव्हाच पांगले होते. पेइलिन सापडला.

“याचा लाडका तूच ना? मग हाण.”

पेइलिनच्या पोटातून काहीतरी उसळलं. सवयीने त्याने ते खाली उतरवलं. मग त्यालाच जमेल असा हात मारला: आवाज मैदानभर, वजन काडीचं नाही. लोकांचं समाधान झालं. वस्तादांना आपण वाचवलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो राळ्याची पेज घेऊन गेला. वस्ताद फुटल्या गुडघ्याला फडकं बांधून पडले होते.

“हात हलका होता. कळलं मला.”

“दुसरं काय करणार होतो, वस्ताद?”

“गुडघा फोडणाऱ्या पोराला मी कालच माफ केलं. त्याला निदान राग तरी आला होता. तुझ्या हातात काहीच नव्हतं रे. भीती नाही, दुःख नाही. ते मीच काढून घेतलं तुझ्यातून.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “पेज घेऊन जा.”

नंतर तो कितीदा गेला, दार उघडलं नाही. चौथ्या हिवाळ्यात वस्ताद वारले. त्यांची मुलगी रुइझेन सगळ्या पठ्ठ्यांना सुतकाच्या पांढऱ्या पट्ट्या वाटत होती. त्याच्यापाशी येऊन ती थांबली, पट्टी पुढे केली नाही.

“पेइलिनदादा, तुम्ही शेजाऱ्यांत उभे राहा.”

तो उभा राहिला. रडायचा प्रयत्न केला, पण रडू आलं नाही.

पुढे काळ बदलला. जुन्या विद्या शोधत सरकारी माणसं आली, तेव्हा वस्तादांचं सगळं येणारा तो एकटाच उरला होता. बागेत तो पोरांना शिकवू लागला. हातपाय कसे ठेवायचे ते बोटभरही चुकू द्यायचा नाही. बळ कुठून येतं, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “कमरेतून.” भावनेचं नाव काढायचा नाही, ती उतरवायला कुणाला शिकवायचा नाही. अकरा वर्षं शिकवलं त्याने. पोरं स्पर्धांतून बक्षिसं आणायची. एकाच्याही हातात बळ उतरलं नाही, आणि का ते ठाऊक असूनही पेइलिन कुणाला बोलला नाही.