दाजीबांची दुर्बीण आणि हरभऱ्यातले ससे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कोटाच्या खिशात सुपारीचा भुगा साठतो तसे ते साठतात आणि खिसा झटकला की बाहेर पडतात. माझ्या खिशातला बहुतेक भुगा वालूरच्या रहीमचाचांच्या घड्याळाच्या दुकानातला आहे.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी तिथे शाळामास्तर होतो. शाळा सुटली की दुकानात आम्ही चौघे जमायचो. रहीमचाचा डोक्याला गोंड्याची उंच रुमी टोपी आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचे. किसनशेठ किराणावाले, ऊन असो, थंडी असो, काखेत छत्री. मी चष्म्याची तुटकी दांडी दोऱ्याने बांधून हिंडणारा. आणि चौथे दाजीबा पाटील. त्यांच्याकडे बावीस बोअरची रायफल होती, तीही परवान्याची!

त्या हिवाळ्यात दाजीबांच्या हरभऱ्यावर ससे पडले. दाजीबा रोज रायफल घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसायचे आणि सशांच्या ऐवजी ढेकळं मारून परत यायचे.

मी एकदा म्हणालो, "पाटील, डोळे तपासून घ्या."

"डोळ्याला काय धाड भरली? ससेच बारीक झालेत आताशा! आन तुमच्यासारखा चष्म्याला दोरा बांधून हिंडू का मी?"

घरी पाटलीणबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला. "भोगीपस्तोर हरभरा वाचला तर ठीक. न्हाई तर ही नळी पालमला माझ्या भावाकडं जाईल!"

रायफल दाजीबांच्या वडिलांची. पोलीस ॲक्शननंतर ठाण्यात जमा झालेली, वर्षभर खेटे घालून सोडवून आणलेली. त्या दिवशी त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. शेवटी ते म्हणाले, "ठरलं. रायफलीलाच चष्मा लावू!"

* * *

दुर्बीण कशी असते हे आधी बघावं, म्हणून किसनशेठ त्यांना येलदरीला घेऊन गेले. तिथे धरणाची मोजणी चालली होती आणि शेठचा भाचा मोजणीवर होता. भाच्याने तिपाईवरची दुर्बीण माळाकडे फिरवली. नशिबाने समोर ससाच होता.

दाजीबा ओरडले, "आरं, ह्यो तर आभाळाला लटकलाय!"

भाच्याने समजावलं, "पाटील, मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. आम्हाला सवय असते."

दाजीबांनी एकदा नदीकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे.

"मग पानी धरनात थांबंल, का आभाळात जाईल?"

* * *

रायफलीला दुर्बीण लावायची तर कचेरीत विचारलेलं बरं, असं मी सुचवलं. खरं सांगायचं तर त्यात महिना-दीड महिना जाईल असा माझा अंदाज होता.

कारकून नवा होता. त्याने परवाना उलटसुलट करून पाहिला. "यात दुर्बीण लिहिलेली नाही. तिनं माणूस मरतो का?"

दाजीबा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "लांबून मरत न्हाई, सायेब. डोक्यात घातली तर सांगता येत न्हाई!"

कारकून इतका हसला की त्याने तिथल्या तिथे मंजुरी दिली. माझा महिना वाया गेला.

* * *

पुढे हरभऱ्याचे घाटे भरले तशी सशांचीही रीत बदलली. आधी ते कोवळे शेंडे कुरतडायचे. आता सडकेकडच्या कोपऱ्यातली झाडं मुळासकट नाहीशी व्हायला लागली.

किसनशेठ हळहळले. "कलियुगातले ससे, पाटील!"

आम्ही बाकीचे तिघे रोज संध्याकाळी त्याच सडकेने पाय मोकळे करायला जायचो. आम्हाला तर एकही ससा दिसला नव्हता.

* * *

शेवटी हैदराबादचा एक फिरता विक्रेता दोन दुर्बिणी घेऊन दुकानात आला. एक चौपट दाखवणारी, एक आठपट. किसनशेठ व्यापारी माणूस, ते आठपटीवर अडून बसले. "जास्त पट, जास्त फायदा!" मग पारख करायला तेच समोरच्या पारावर जाऊन बसले आणि दाजीबांनी आठपट दुर्बीण त्यांच्यावर रोखली.

"जंगल दिसायलंय. लय दाट हाय. ससा काय घावत न्हाई यात!"

किसनशेठ पारावरून ओरडले, "आहो, त्यो माझा कान हाय!"

मी ताबडतोब म्हणालो, "बघा, दुर्बीण काही कामाची नाही. दोन्ही परत करा. शेताला कुंपण घाला त्यापेक्षा."

पण चाचांनी चौपट दुर्बीण हातात घेतली, दाराशी जाऊन मावळतीच्या उजेडात धरली आणि भिंगावर हळूच फुंकर मारली. काचेच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नसतं. "मियाँ, येच लेव. आठपट में ससे का एक बाल दिखता, इसमें पूरा खेत दिखता. शाम कू बी साफ!"

दाजीबांनी चौपट घेतली. मी आणि किसनशेठ दोन दिवस चाचांशी बोललो नाही.

* * *

गावच्या सोनाराने पितळी कड्या ओतून दुर्बीण रायफलीवर बसवली. मग नेम जुळवायला शंभर पावलांवर भोपळा ठेवला. पहिली गोळी भोपळ्याच्या उजवीकडून गेली. दुसरीही उजवीकडून. तिसरीने मोटेच्या चाकावर ठण्णकन आवाज काढला.

सोनार म्हणाला, "पाटील, कड्या जरा वाकड्या झाल्या वाटतं. सरळ करून देतो."

"कड्या बराबर हायेत," दाजीबा म्हणाले. "भोपळाच डावीकडं ठिवलाय!"

तरी कड्या सरळ झाल्या. पाचवी गोळी भोपळ्याच्या मधोमध बसली, तेव्हा दाजीबांनी लहान पोरासारखी उडी मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. किसनशेठच्या टाळ्या जरा मऊ पडल्या.

* * *

भोगीच्या दिवशी सकाळी दाजीबा दुकानात आले. काखेत मोठं गाठोडं होतं. ते बाजूला ठेवून शांतपणे बसले.

"काल सांजच्याला दुर्बीण लावून बसलो व्हतो. ससे आले."

"किती?" चाचांनी विचारलं.

"तीन."

मी घाईने विचारलं, "मारले का?"

"रायफल बाजूला ठिवली, मास्तर. पर दुर्बीण लय भारी हाय. येका सशाच्या काखेत छत्री दिसली."

किसनशेठ उठून भिंतीवरचं बंद घड्याळ निरखायला लागले.

"दुसऱ्याच्या डोक्यावर रुमी टोपी व्हती."

चाचांच्या डोळ्यातलं भिंग टेबलावर पडलं.

मी हळूच चष्मा काढून खिशात घातला.

"घाला, मास्तर, घाला. पांढरा दोरा सांजच्या उनात चमकतो, काळा बांधत जावा!"

दाजीबांनी गाठोडं सोडलं. आत हिरवागार हरभरा होता, घाट्यांनी लगडलेला.

"घरी सांगितलंय, ससे कायमचे हाकलले. नळी ऱ्हायली माझ्याकडं. आज भोगी हाय. भाजीला लागंल म्हनून तुमाला आनलाय."

मला मान वर करवेना. किसनशेठ अजून घड्याळच बघत होते.

रहीमचाचांनी मात्र डोक्यावरची रुमी टोपी काढली, झटकली, उलटी केली आणि दोन्ही हातांनी दाजीबांच्या पुढे धरली.