फाटकापर्यंतची धून

लग्नात बँडवाल्याचं कुणी ऐकत नाही. नाचणाऱ्याला ठेका पाहिजे असतो आणि नवरदेवाच्या मामाला घाई. मयताला मात्र ऐकतात, कारण तिथं दुसरं काही करायला नसतं.

लोहाऱ्यात माझी सगळी हयात क्लॅरोनेट फुंकण्यात गेली. लगीनसराईत वराती, एरवी शाळेत पोरांना बँड शिकवायचा. झेंडावंदनाला शाळेत जी धून वाजते ती मी बसवलेली. वरातीच्याही चार-दोन धुना माझ्या आहेत, आसपासच्या गावांतले बँड त्या बिनदिक्कत वाजवतात आणि कुणाच्या म्हणून विचारलं तर खांदे उडवतात. आता तर डीजे आलेत. त्यावर बोलायला लागलो की माझं डोकं फिरतं, म्हणून राहू द्या.

पण मनापासून केलेली म्हणाल तर एकच, मयताची. आमच्याकडं पिकलं पान गळलं की मयताला बँड लावतात. त्यासाठी मी एक संथ धून बांधली होती. तिला दोन नियम होते, माझ्या उस्तादांनी घालून दिलेले. ही धून छताखाली वाजवायची नाही, नाहीतर त्याच घरात मयत होतं. आणि मसणवाट्याच्या फाटकाशी वाजवणं बंद करायचं. सूर आत गेला तर मेलेलं माणूस त्याच्या मागं परत घरी येतं म्हणे. मी तालीम ओढ्याकाठी बाभळीखाली घ्यायचो, आणि फाटकापुढं एक सूर जरी निघाला तरी वाजवणाऱ्याच्या टाळक्यात हाणायचो. तसा मी मास्तर म्हणून वाईटच.

मग बायकोच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पोरीला बाजूला घेतलं, आणि आम्ही परत आलो. पोरगी परंड्याला दिलेली, ती चार दिवस राहून गेली. घरात आम्ही दोघंच.

एक दिवस ही म्हणाली, "अवो, ती मयताची धून वाजवा की. साऱ्या गावानं ऐकली, मीच न्हाय."

ती धून वेस ओलांडल्यावरच सुरू व्हायची आणि बायका मसणवाट्याकडं जात नाहीत, तिनं कुठून ऐकावी? मी म्हटलं, "येडी का खुळी तू? घरात?"

"मग मला भाईर काढा."

अंगणात बाज टाकली, तिला उचलून ठेवली. वर आभाळ, म्हणजे नियम मोडत नव्हता. मी वाजवली. ती डोळे मिटून ऐकत होती, पायाचा अंगठा हलत होता. नेहमीच्या जागी आलो आणि थांबलो.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं काय न्हाय. तिथं फाटक येतं."

तिनं डोळे उघडले. "म्हंजी मला फाटकातच सोडून येणार व्हय?"

इतकी वर्षं ती धून वाजवली, पण तिला शेवट नाही हे मला कधी जाणवलंच नव्हतं. जी वाट आम्ही चालायचो तेवढीच धून होती.

"पुढचं करा," ती म्हणाली. "मला आत नेऊस्तोवर वाजवा. नियम गेला चुलीत. मी परत आले तर येईन, तुम्हाला काय जड हाय का मी?"

म्हटलं, करतो. शब्द दिला.

त्या दिवसापासून मी शेवटाच्या मागं लागलो. दोनदा तिला अंगणात आणून तुकडे ऐकवले. एका जागी ती म्हणाली, "इथं लई रडवताय, जरा दम धरा." तिचं बरोबर होतं, ती जागा बदलली. शेजारच्या घरातल्या तिच्या जाऊबाई भिंतीवरून ओरडल्या, "जित्या माणसापुढं मयताचं वाजवता, लाज न्हाय वाटत?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवट जमला तेव्हा तिला हलवायची सोय राहिली नव्हती. हात लावला तरी कळवळायची. खाटेशी क्लॅरोनेट घेऊन बसलो, ती बघत होती, आणि माझी छाती होईना. वर पत्रे होते. अजून काही दिवस जगली असती आणि मी फुंकलं म्हणून गेली तर? म्हटलं, उद्या कमी दुखलं की अंगणात. ती नुसती हसली. पहाटे गेली.

ठीक आहे, मी मनाशी म्हटलं, वाटेवर वाजवीन. बँडचे गडी फाटकाशी थांबतील, मी एकटा पुढं वाजवत जाईन. मला एकट्यालाच येत होतं ना. क्लॅरोनेट पुसून ठेवला, त्याची तोंडात धरायची पाती ओली केली. तिरडी बांधून झाली आणि चुलतभावानं माझ्या हातात विस्तवाचं मडकं दिलं.

आम्हाला मुलगा नाही. अग्नी मीच देणार, मडकं धरून पुढं मीच चालणार. इतक्या मयतांच्या मागून चाललो मी, आणि आपल्या बायकोच्या वेळी आपली जागा पुढं असते एवढं माझ्या ध्यानात आलं नाही! क्लॅरोनेट ओट्यावरच राहिला.

माझे गडी मागून वाजवत होते. ट्रम्पेटवाला माझा सगळ्यात तयार शिष्य, शाळेपासूनचा. जीव ओतून वाजवत होता. फाटक आलं आणि शिकवलं होतं तसे सगळे एका दमात थांबले. एक सूर इकडचा तिकडं नाही.

हातात मडकं. मी तोंडानं म्हणायला लागलो, शिकवताना म्हणतो तसं, सारेगमात. लोकांना वाटलं म्हातारा बरळतोय. कुणीतरी पाठीवर हात ठेवला, "मास्तर, रडून घ्या." तिनं बदलायला लावलेल्या जागेपर्यंत आलो आणि घसा बसला. पुढचं तिला ऐकू गेलं नाही. जितेपणी नाही, मेल्यावर नाही.

तेराव्यानंतर ट्रम्पेटवाला घरी आला. खाली बघत म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी तोंडानं म्हणत होता ते फाटकाच्या पुढचं शिकवा." आणि उठून ओढ्याकडं निघाला.

म्हटलं, बस इथंच. तिच्या रिकाम्या खाटेवर बसवलं आणि पत्र्याखाली त्याला शेवटपर्यंत वाजवून दाखवलं.