मामांच्या आडनावाचं लिव्हरवर्ट

मी आयुष्यात बरंच खोटं बोलले असेन, पण छापून आलेलं खोटं एकच. तो एक शब्द होता, 'ताज्या'. त्याची मला आजही लाज वाटते.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. माझा अभ्यास लिव्हरवर्टचा. ओल्या दगडांवर, खोडांवर, कधी दुसऱ्या झाडाच्या पानांवरही चिकटून वाढणारी, शेवाळासारखी दिसणारी ही चिमुकली झाडं. घरचे विचारत, "त्या शेवाळात काय ठेवलंय?" मी चिडायचे, कारण अधूनमधून मलाही तोच प्रश्न पडायचा. एकदा नवी जात सापडली की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं मी मनाशी धरलं होतं.

म्हणून अंदमानातल्या एका लांबच्या बेटावर जायची परवानगी मिळाली तेव्हा मी हवेतच होते. मद्रासहून बोटीनं गेलो, मी आणि आमच्या लॅबचे शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणे. मामा पेठ तालुक्यातले, डोंगरात वाढलेले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. नमुने ठेवायला त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांची पाकिटं करून आणली होती. नापासांचे पेपर निदान असे कामी आले.

या झाडांच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यांच्या आकारावरून, संख्येवरून जात ओळखता येते. पण झाड वाळलं की थेंब नाहीसे होतात. म्हणून झाड तोडल्या दिवशीच ते मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि वहीत लिहायचे. हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगायचे.

बेटावर दुसऱ्याच दिवशी माझे पाय जळवांनी रक्तबंबाळ झाले. बूट भिजलेले, डोकं तापलेलं. भर दुपारी मी तंबूत पाय पुसत बसले होते आणि मामा बाहेर छोट्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. त्यांनी हाक मारली, "मॅडम, जरा येऊन बघा. एकेका खोलीत एकेक थेंब हाय. तपकिरी. द्राक्षाच्या घडावानी."

मी उठलेच नाही. "तंबाखूचा हात लागला असेल काचेला. पुसून ठेवा," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मामांनी मला 'बघा' म्हणावं, हेच मला खपलं नाही. त्यांनी मुकाट्यानं काच पुसली. वहीतला थेंबांचा रकाना कोराच राहिला.

आठ महिन्यांनी नाशिकला ते वाळलेलं झाड कोमट पाण्यात भिजवून पाहिलं. पानाची कड जराशी वेगळी होती आणि पेशी अगदी रिकाम्या. बिनथेंबांची अशी जात त्या गटात कुणी नोंदवली नव्हती. वाळल्यामुळे थेंब गेले असणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? मी शोधनिबंधात लिहिलं, 'ताज्या नमुन्यातही तेलाचे थेंब नाहीत.' तपासणाऱ्यांनी विश्वास ठेवला. ताजं झाड आम्ही दोघांनीच पाहिलं होतं, म्हणजे एकट्या मामांनीच.

नव्या जातीला नाव दिलं ते मामांच्या आडनावावरून. लोकांना तो माझ्या मनाचा मोठेपणा वाटला. मीही तो तसा वाटू दिला. कॉलेजात सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. मामांचं अख्खं घर पेठहून आलं होतं आणि ते नवी टोपी घालून माझ्या शेजारी बसले होते. थेंबांबद्दल त्यांनी पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे बरीच वर्षं गेली, मामा रिटायर होऊन गावी गेले. मग एका तरुण संशोधक मुलीची ई-मेल आली. ती त्याच बेटावर जाऊन आली होती. सोबत ताज्या झाडाचे फोटो होते आणि प्रत्येक पेशीत एकेक तपकिरी घड. 'माझीच काही चूक होत असेल,' असं तिनं नम्रपणे लिहिलं होतं. चूक तिची नव्हती. ते झाड शंभर वर्षांपासून माहीत असलेलं, साधं झाड होतं. माझी जात मुळात नव्हतीच, आणि एकाच झाडाला दोन नावं असली तर नियमानं आधीचंच टिकतं, म्हणजे आता मी दिलेलं नावही जाणार होतं.

तिला उत्तर लिहिण्याआधी मी एसटीनं मामांच्या गावी गेले. दारावर त्यांनी झाडाचं शास्त्रीय नाव पेंटरकडून देवनागरीत रंगवून घेतलं होतं, घराचं नाव म्हणून. सुनेला म्हणाले, "ह्याच त्या मॅडम. ह्यांनीच आपलं नाव झाडाला दिलं." सून पाया पडली. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, 'ताज्या' या शब्दासकट.

"म्हंजे मी थेंब पाह्यले, ते खरेच होते?"

"हो."

"अन् चूक तुमच्या लिहिण्यात झाली."

"हो, मामा."

"मग नाव माझं का पुसायचं, मॅडम?"

आवाजात राग नव्हता. लॅबमध्ये 'ही बाटली कुठं ठेवू' असं विचारायचे, तसंच विचारलं.

"नियम आहे तसा," मी म्हणाले. नियम खरंच तसा आहे. पण त्या ओट्यावर मी तो स्वतःला वाचवायला सांगितला, आणि मामांनी मान डोलावली, कारण मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला ते इतकी वर्षं मान डोलावतच आले होते.